शाळेतील संगणकांचे अद्यतन : एकदा आणावे, सर्वांनी वाटून घ्यावे

(इयत्ता ७ वीचा वर्ग व शाळेतील संगणक सांभाळणारे शिक्षक यांच्यासाठी पाठ)

प्रास्ताविक

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. रेल्वेमार्गावरील नेरळ, कर्जत, खोपोली या गावी इंटरनेट सुलभतेने मिळते. परंतु घाटाखालच्या वाड्यांकडे वळावे, तो डोंगराच्या आडोशाने मोबाइलचे जाळे क्षीण होत जाते. अशा ठिकाणच्या शाळेत पाचदहा संगणक असले, तरी त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा पुष्कळदा एकच असतो, आणि तो म्हणजे शिक्षकाच्या खिशातील मोबाइल.

अशी एक शाळा डोळ्यांपुढे आणावी. संगणकाचा तास सुरू झाला आहे. मुले यंत्रांपुढे येऊन बसली आहेत. यंत्रे सुरू होताच त्यांपैकी प्रत्येक यंत्र आपल्यापुरते अद्यतन, म्हणजे ज्यास व्यवहारात अपडेट म्हणतात ते, इंटरनेटवरून ओढू लागते. दहाही यंत्रांस हवी असलेली वस्तू एकच. पण ती दहा वेळा त्याच बारीक धाग्यातून येऊ पाहते. पाठातील चित्र उघडत नाही, मुले ताटकळतात, आणि तास संपण्यापूर्वीच मोबाइलमधील त्या दिवसाचा डेटा संपून जातो. पुढील खेपेस शिक्षक अद्यतनांची वाटच बंद करून टाकतात. त्यांचा तास निभावतो. यंत्रे मात्र त्या दिवसापासून अरक्षित राहतात, आणि मुलांच्या गुणांची व हजेरीची कागदपत्रे त्याच यंत्रांत साठविलेली असतात.

तास वाचवावा की यंत्र वाचवावे, असा हा पेच दिसतो. वस्तुतः दोन्ही वाचविता येतात. अद्यतन बाहेरून एकदाच आणावे आणि शाळेच्या आतील जाळ्यातून सर्व यंत्रांनी ते वाटून घ्यावे, हा त्याचा उपाय होय. तो समजावून देणे हाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

पाठाचे हेतू

१. कार्यप्रणाली व तिचे अद्यतन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस कळावे.
२. एकाच वस्तूची अनेकदा आयात करण्यापेक्षा तिचे स्थानिक वाटप करण्यात किती बचत होते, हे त्यांस स्वतः गणित करून पाहता यावे.
३. वाटून घेतलेली वस्तू खरी आहे किंवा नाही, हे पारखण्याची आवश्यकता त्यांच्या मनावर ठसावी.

साहित्य : दोन किंवा अधिक संगणक, ते जोडणारा राउटर अथवा स्विच, फळा, कागदाच्या १०० चिठ्ठ्या.

पूर्वज्ञानाची उजळणी

पाठाचा आरंभ यंत्रापासून न करता पाण्यापासून करावा. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी नळांवाटे घाट उतरून भिवपुरीच्या विद्युत्गृहात येते. हे विद्युत्गृह १९२२ साली सुरू झाले. तेथे वीज निर्माण करून बाहेर पडलेले पाणी पेज नदीस मिळते, आणि पुढे राजनाल्याच्या कालव्याने ते कर्जत तालुक्यातील शेतांवर जाते. उन्हाळ्यात हिरवीगार दिसणारी भातशेती या पाण्यावर उभी असते.

येथे विद्यार्थ्यांस विचारावे : प्रत्येक शेतकऱ्याने आपापल्या शेतासाठी घाटावरून स्वतंत्र नळ आणला असता तर काय झाले असते? मुले हसतील, आणि एवढा खर्च कोणाच्याने झाला असता, असे उत्तर देतील. मग दुसरा प्रश्न विचारावा : कालव्यापासून दूर असलेल्या खाचरात पाणी कसे जाते? ज्या मुलांनी घरी शेतीचे काम पाहिले आहे ती लगेच सांगतील की, वरच्या खाचराचा बांध फोडून पाणी खालच्या खाचरात सोडतात. एकदा पाणी गावात आले की शेजारी शेजाऱ्यास देतो.

संगणकांच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे. एक भेद मात्र येथेच सांगून ठेवावा. पाणी वाटले म्हणजे देणाऱ्याचे कमी होते. संगणकातील माहितीचे तसे नाही. तिची नक्कल दुसऱ्यास दिली तरी मूळ प्रत होती तशीच राहते. दिव्याने दिवा लावावा, त्याप्रमाणे हे वाटप असते.

विषयविवेचन

(१) कार्यप्रणाली व अद्यतन

संगणकाचे पडदा, कळफलक, तबकडी इत्यादी सर्व अवयव एकमेकांशी जुळवून घेऊन चालावेत, यासाठी त्यात एक मूलभूत आज्ञासंच बसविलेला असतो. त्यास कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज व लिनक्स ही नावे विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेली असतात. हा आज्ञासंच माणसांनीच लिहिलेला असल्यामुळे त्यात चुका राहून जातात. काही चुका अशा असतात की, त्यांतून परक्या माणसास यंत्रात शिरता येते. चूक ध्यानात येताच कर्ते तिची दुरुस्ती करून ती सर्वत्र पाठवितात. या दुरुस्तीस अद्यतन म्हणावयाचे. विंडोजची नियमित सुरक्षा-अद्यतने प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होतात. ती अमेरिकेतील सकाळी निघतात, म्हणून आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते.

(२) दुर्लक्षाचे फळ

अद्यतन केले नाही तर काय बिघडते, याचे उत्तर २०१७ सालाने दिले आहे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाची घातक आज्ञावली त्याच उणिवेतून जगभर पसरली. ती यंत्रातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करी आणि ती मोकळी करण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकी किमान ८० संस्थांच्या कामात त्यामुळे व्यत्यय आला, आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने अगोदर निघालेले होते. ते यंत्रांपर्यंत पोहोचले नव्हते.

दुसरी घटना आपल्याच रायगड जिल्ह्यातील आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या आज्ञावलीने युक्रेनमध्ये उत्पात मांडला, आणि तेथून ती मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरली. त्या उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्यावरील संगणकव्यवस्था त्यामुळे बंद पडली आणि मालाची चढउतार विस्कळीत झाली. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणकांवरील आज्ञासंच नव्याने बसवावे लागले.

नॉटपेट्याच्या गोष्टीतून तीन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, कार्यालयातील यंत्रे ज्या आतील जाळ्याने जोडलेली असतात, त्याच जाळ्यातून रोग एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातो. दुसरा असा की, ही आज्ञावली पकडलेल्या यंत्रातील परवलीचे शब्द चोरून पुढे सरकत असे. त्यामुळे ज्या यंत्रांची दुरुस्ती झाली होती त्यांपैकीही काही सापडली. यास्तव अद्यतन आवश्यक असले तरी तेवढ्यानेच निश्चिंत होऊ नये. सर्व यंत्रांस एकच परवलीचा शब्द देण्याची सवय सोडावी. तिसरा बोध सर्वांत महत्त्वाचा आहे. ही आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनाचे सोंग घेऊनच आत आली होती. अद्यतनाच्या वाटेने औषध येते, तसे विषही येऊ शकते. म्हणून वाटप करण्यापूर्वी पारख करणे अगत्याचे आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

(३) बचतीचे गणित

आता फळ्यावर उदाहरण मांडावे. समजा, एका शाळेत १० संगणक आहेत. अद्यतन ६०० मेगाबाइटचे आहे. मोबाइलवरून मिळणाऱ्या इंटरनेटचा वेग सेकंदास ४ मेगाबिट आहे, आणि शाळेतील आतील जाळ्याचा वेग सेकंदास १०० मेगाबिट आहे. ८ बिट म्हणजे १ बाइट, हे विद्यार्थ्यांस आठवून द्यावे.

६०० मेगाबाइट म्हणजे ६०० × ८ = ४,८०० मेगाबिट.

एक प्रत बाहेरून आणण्यास ४,८०० ÷ ४ = १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील.

दहाही यंत्रांनी स्वतंत्रपणे आणल्यास २० × १० = २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे लागतील. यंत्रे एकाच वेळी लावली तरी या वेळेत बचत होणार नाही, कारण वाट एकच आहे.

आता एक प्रत आणून उरलेल्या नऊ यंत्रांस आतून दिली, तर एका यंत्रास ४,८०० ÷ १०० = ४८ सेकंद, आणि नऊ यंत्रांस ४८ × ९ = ४३२ सेकंद, म्हणजे ७ मिनिटे १२ सेकंद लागतील. एकूण वेळ २७ मिनिटे १२ सेकंद.

डेटाचाही हिशेब करावा. स्वतंत्रपणे आणल्यास ६,००० मेगाबाइट खर्च होतील. दिवसास १,५०० मेगाबाइट देणारा मोबाइल-पॅक असेल, तर ती चार दिवसांची शिधा झाली. वाटून घेतल्यास साधारण ६०० मेगाबाइटांत काम होते, आणि त्याच दिवशी पाठातील चित्रे व ध्वनिफिती उघडण्यास डेटा शिल्लक राहतो. प्रत्यक्षात यंत्रे जुनी असल्यास, किंवा तारेऐवजी वायफायने जोडलेली असल्यास, आतील वेग कमी पडेल. तथापि बाहेरील व आतील वाटेतील अंतर एवढे मोठे आहे की, निष्कर्ष बदलत नाही.

(४) वाटपाची रीत

विंडोज १० व ११ या प्रणालींत वाटपाची सोय मुळातच केलेली आहे. तिचे नाव 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' असे आहे. या व्यवस्थेत अद्यतनाचे लहान लहान तुकडे पाडले जातात. यंत्र प्रथम इंटरनेटवरील व्यवस्थापकाकडे विचारणा करते की, हा तुकडा आपल्या जाळ्यातील कोणा शेजाऱ्याकडे आहे काय. असल्यास तो शेजाऱ्याकडून घेतला जातो, नसल्यास बाहेरून आणला जातो. याचा अर्थ असा की, विचारपूस करण्यापुरते इंटरनेट प्रत्येक यंत्रास लागतेच. अवजड माल मात्र घरातल्या घरात फिरतो.

लिनक्सवरील यंत्रांसाठी निराळी रीत आहे. डेबियन व उबुंटू, तसेच सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे सिद्ध केलेली 'बॉस' प्रणाली, या एकाच कुळातील आहेत. येथे एका यंत्रावर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' नावाचा मध्यस्थ बसवितात आणि उरलेल्या यंत्रांस आपली मागणी त्याच्याकडे, ३१४२ क्रमांकाच्या द्वारावर, नोंदविण्यास सांगतात. पहिल्या यंत्राने मागितलेले गाठोडे मध्यस्थ बाहेरून आणून स्वतःजवळ ठेवतो. दुसऱ्याने तेच मागितले की कोठीतून काढून देतो. कोठीत धान्य भरून ठेवण्यासारखीच ही व्यवस्था आहे.

शेकडो यंत्रे असणाऱ्या कार्यालयांत विंडोजसाठी 'डब्ल्यूएसयूएस' नावाची स्वतंत्र वितरणव्यवस्था २००५ पासून वापरात आहे. त्यात नवी भर घालणे थांबविल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये घोषित केले. प्राथमिक शाळेस तिची आवश्यकता पडत नाही.

(५) ताळा आणि शिक्का

शेजाऱ्याकडून आलेला तुकडा खरा कशावरून? हा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच यावा अशी वाट पाहावी. न आल्यास शिक्षकांनी विचारावा.

याच्या उत्तरासाठी अंकगणितातील नवाच्या ताळ्याचे स्मरण द्यावे. ३५४१ या संख्येच्या अंकांची बेरीज १३, आणि १३ च्या अंकांची बेरीज ४. कोणी नक्कल करताना ३५४२ लिहिले तर ताळा ५ येईल आणि चूक उघड होईल. पण ३५१४ असे लिहिले, तर ताळा पुन्हा ४ च येतो आणि चूक लपून राहते. नवाचा ताळा उपयुक्त खरा, पण भोळा आहे.

संगणकही प्रत्येक तुकड्याचा ताळा काढतो. मात्र तो अतिशय काटेकोर असतो. 'शा-२५६' या प्रचलित रीतीने काढलेला ताळा ६४ चिन्हांचा असतो. मूळ मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी तो सर्वस्वी निराळा येतो. खरा ताळा काय असावा, हे यंत्र शेजाऱ्यास विचारीत नाही. ते थेट कर्त्याकडून विचारून घेते. शेजाऱ्याने दिलेल्या तुकड्याचा ताळा जुळला नाही, तर तो तुकडा टाकून दिला जातो आणि दुसरीकडून मागविला जातो.

दुसरी पारख शिक्क्याची. अलिबागहून निघालेले परिपत्रक पंचायत समिती व केंद्र या वाटेने शाळेत येते. त्याची नक्कल कोणीही करो, शिक्षक त्यावरील सही, शिक्का व जावक क्रमांक पाहूनच ते खरे मानतात. परिपत्रक कोणी आणून दिले यापेक्षा ते कोणाच्या सहीचे आहे, यास महत्त्व असते. अद्यतनावरही कर्त्याची अशीच अंकीय स्वाक्षरी असते, आणि ती जुळल्यावाचून यंत्र ते बसवून घेत नाही. लिनक्सच्या गाठोड्यांचीही अशीच परीक्षा होते. म्हणून मध्यस्थ यंत्रात कोणी खोटे गाठोडे ठेवले, तरी ते पुढील यंत्रांत शिरत नाही.

तथापि शिक्का ज्याच्या हाती, तोच जर ठकविला गेला, तर ही पारखही अपुरी पडते. उगमाचे पाणी गढूळ असले तर कालवा काय करणार? म्हणून अधिकृत उगमाखेरीज अन्यत्र मिळालेले, कोणी संदेशातून पाठविलेले किंवा 'फुकट' म्हणून देऊ केलेले सॉफ्टवेअर शाळेच्या यंत्रात बसवू नये. स्वाक्षरी जुळत नसल्याची सूचना पडद्यावर आली, तर ती दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

प्रत्यक्ष कृती

शिक्षकांनी पुढील क्रमाने काम करावे. विंडोजवरील यंत्रे गृहीत धरली आहेत.

१. सर्व यंत्रे एकाच राउटरला किंवा स्विचला जोडावीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही यंत्रांचे जाळे बनते. परंतु मोबाइल थोड्याच यंत्रांस जोडून घेतो, आणि काही ठिकाणी यंत्रांनी आपसांत बोलू नये अशी योजना असते. तसे असल्यास वाटप होणार नाही.

२. प्रत्येक यंत्रावर सेटिंग्ज उघडावे. विंडोज ११ मध्ये विंडोज अपडेट, त्यातील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स व त्यातील डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन येथे जावे. इतर यंत्रांकडून घेण्यास अनुमती देणारी कळ चालू करावी, आणि खालील दोन पर्यायांपैकी फक्त स्थानिक जाळ्यातील यंत्रांचा पर्याय निवडावा. इंटरनेटवरील परक्या यंत्रांचा पर्याय निवडल्यास शाळेचा डेटा बाहेरच्यांस पुरवठा करण्यात खर्ची पडेल.

३. जे यंत्र इतरांस पुरवठा करणार, त्याची स्मृती किमान ४ जीबी व तबकडी किमान ३२ जीबी असावी. मूळ मांडणीत याहून लहान यंत्रे वाटपात भाग घेत नाहीत.

४. दुसऱ्या मंगळवारनंतर येणाऱ्या शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, एकाच यंत्रावर अद्यतन करावे. ते यंत्र पुन्हा सुरू करून नेहमीची कामे नीट होतात की नाही, हे पाहावे. ही सावधगिरी अनाठायी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरचे सदोष अद्यतन एकाच वेळी सर्वत्र गेल्यामुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली होती.

५. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर ते पहिले यंत्र चालू ठेवून उरलेल्या यंत्रांवर अद्यतन सुरू करावे. मूळ मांडणीत वाटपासाठी साठविलेले तुकडे तीनच दिवस ठेवले जातात. पहिले यंत्र या आठवड्यात व दुसरे पुढील आठवड्यात, असे केल्यास वाटपाचा लाभ मिळत नाही. पुरवठा करणारे यंत्र लॅपटॉप असेल तर त्यास वीजजोड द्यावा. बॅटरीवर चालणारे यंत्र सामान्यतः इतरांस तुकडे देत नाही.

६. काम झाल्यावर त्याच सेटिंग्जमधील ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडावा. किती भाग इंटरनेटवरून आला व किती स्थानिक यंत्रांकडून आला, हे तेथे आकड्यांत दिसते. ते आकडे विद्यार्थ्यांकडून वहीत उतरवून घ्यावेत.

ज्या शाळेत इंटरनेट मुळीच पोहोचत नाही, तेथे केंद्रशाळेतून पेन ड्राइव्हवर अद्यतन नेता येते. मायक्रोसॉफ्टच्या अद्यतन-सूचीतून आपल्या आवृत्तीची फाइल, आणि त्या पानावर सोबत आणखी फाइली दर्शविल्या असल्यास त्याही, उतरवून घ्याव्यात. विंडोजची मासिक अद्यतने एकत्रित स्वरूपाची असल्याने मागील प्रत्येक महिन्याची फाइल शोधत बसावे लागत नाही. ही पूर्ण फाइल स्वयंचलित मार्गाने येणाऱ्या भागापेक्षा पुष्कळदा मोठी असते, हे ध्यानात ठेवून पेन ड्राइव्ह निवडावा. नेण्यापूर्वी तो पेन ड्राइव्ह तपासून घ्यावा, अन्यथा औषधाच्या बाटलीतूनच रोग जावयाचा.

जुन्या यंत्रांसंबंधी एक सूचना आवश्यक आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रांवर ती आहे, त्यांस पुढील दुरुस्त्या मिळण्यासाठी विस्तारित आधाराची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तोही मुदतीचाच आहे. यंत्र विंडोज ११ च्या पात्रतेचे असेल तर ती बसवावी. नसेल तर लिनक्सचा विचार करावा. वाटपाची उत्तम व्यवस्था असली, तरी उगमातून येणेच थांबले तर वाटावयाचे काय?

शेवटी, अद्यतनापूर्वी विद्यार्थ्यांच्या नोंदींची एक प्रत यंत्राबाहेर काढून ठेवावी. नॉटपेट्याच्या तडाख्यात मर्स्कच्या जाळ्यातील एक अत्यंत महत्त्वाची नोंदवही जगभर नष्ट झाली. ती एकाच ठिकाणी, आफ्रिकेतील घाना देशात, वाचली. तेथील यंत्र वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्यापासून तुटलेले होते. जी गोष्ट तेथे योगायोगाने घडली, ती आपल्या शाळेत शिक्षकांनी बुद्धिपुरस्सर घडवावी. बाहेरची प्रत जोडून न ठेवता कपाटात ठेवावी.

वर्गातील खेळ

यंत्रे नसलेल्या शाळेतही हा पाठ शिकविता येतो. दहा विद्यार्थी निवडावेत. शिक्षकांनी दहा चिठ्ठ्या तयार कराव्यात. प्रत्येकीवर १ ते १० यांपैकी एक अनुक्रमांक व एक चार अंकी संख्या लिहावी. दहाही संख्यांचे नवाचे ताळे फळ्यावर लिहावेत. मग प्रत्येक विद्यार्थ्यास एकच चिठ्ठी द्यावी आणि सांगावे की, तासाअखेर प्रत्येकाजवळ दहाही संख्या असल्या पाहिजेत; परंतु शिक्षकांकडे पुन्हा यावयाचे नाही.

मुले आपोआप एकमेकांच्या चिठ्ठ्यांची नक्कल करू लागतील. शिक्षकांस १०० ऐवजी १० चिठ्ठ्या द्याव्या लागल्या, आणि उरलेल्या ९० नकला मुलांनी आपसांत केल्या, हे शेवटी दाखवून द्यावे. दुसऱ्या फेरीत एका मुलास गुपचूप चुकीची संख्या द्यावी. जी मुले फळ्यावरील ताळा पाहतील ती चूक पकडतील; जी पाहणार नाहीत त्यांच्याकडून ती पुढे पसरेल. चूक किती वहींत पोहोचली, हे मोजावे. तिसऱ्या फेरीत दोन अंकांची अदलाबदल केलेली संख्या द्यावी. या वेळी ताळा जुळूनही सर्वजण फसतील. संगणकास ६४ चिन्हांचा ताळा का लागतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

ज्या मुलाने चुकीची संख्या दिली, त्यास वर्गाने दोष देऊ नये, याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे. त्याने मिळाले तेच पुढे दिले. पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची होती.

फलकलेखन

अद्यतन = कार्यप्रणालीची दुरुस्ती.
बाहेरून एकदा, आतून सर्वांस.
ताळा = तुकडा बदलला नाही याची खात्री. शिक्का = तो खऱ्या कर्त्याचा आहे याची खात्री.
आधी एका यंत्रावर, मग तीन दिवसांच्या आत सर्वांवर.
नोंदींची एक प्रत नेहमी बाहेर.

स्वाध्याय

१. एका शाळेत ६ संगणक आहेत. अद्यतन ४५० मेगाबाइटचे आहे. इंटरनेटचा वेग सेकंदास ३ मेगाबिट व आतील जाळ्याचा वेग सेकंदास १०० मेगाबिट आहे. दोन्ही रीतींनी लागणारा वेळ काढा. (उत्तर : स्वतंत्रपणे २ तास; वाटून घेतल्यास २० मिनिटे व ५ × ३६ = १८० सेकंद, म्हणजे एकूण २३ मिनिटे.)

२. ६२८३ या संख्येचा नवाचा ताळा काढा. तोच ताळा येईल अशा, पण निराळ्या, तीन संख्या लिहा.

३. राजनाल्याचे पाणी आणि संगणकाचे अद्यतन यांच्या वाटपातील एक साम्य व एक भेद लिहा.

४. १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती उपलब्ध असूनही १२ मे रोजी इतकी यंत्रे का सापडली, याचा विचार करून पाच ओळी लिहा.

५. आपल्या गावात एकदा आणून सर्वांनी वाटून घेण्याजोग्या आणखी कोणत्या गोष्टी आहेत, त्यांची यादी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून तयार करा. त्यांपैकी प्रत्येक गोष्ट घेण्यापूर्वी तिची पारख कशी करतात, तेही लिहा.